अंड्याच्या पांढऱ्यातून लायसोझाइम: पहिला कॉलम चालवताना

प्रोटीन वेगळं करण्यावर हात बसवायचा तर अंड्याइतकं स्वस्त साहित्य नाही. पांढऱ्यातल्या प्रोटीनपैकी साधारण साडेतीन टक्के लायसोझाइम, म्हणजे जिवाणूंची भिंत फोडणारं एन्झाइम. त्याचा आयसोइलेक्ट्रिक पॉइंट (ज्या पीएचला प्रोटीनचा एकूण भार शून्य होतो) १० च्या वर, बाकी बहुतेकांचा ७ च्या खाली. त्यामुळे पीएच ७.५ ला ते धनभारित राहतं आणि एसपी रेझिन (कॉलममध्ये भरायचे ऋणभारित मणी) नेमकं त्यालाच धरतं. एव्हिडिन हे दुसरं प्रोटीनही चिकटतं, पण ते इतकं थोडं की पहिल्या खेपेला दुर्लक्ष करा.

खरी गडबड कॉलमच्या आधीच होते. एका अंड्याचं सुमारे ३० मिली पांढरं घ्या, त्यात ५० मिलीमोलर सोडियम क्लोराइडचं ९० मिली द्रावण घालून फेस न येऊ देता सावकाश ढवळा. नुसतं पाणी घातलंत तर ओव्होम्युसिन या चिकट प्रोटीनच्या साक्यासोबत लायसोझाइमही खाली बसतं. विरळ ॲसेटिक ॲसिडने पीएच ६ ला आणा, तासभर थंड ठेवा, सेंट्रिफ्यूज करा. वरचं द्रावण पीएच ७.५ ला आणून ०.४५ मायक्रॉनमधून गाळा. हे टाळलं की तार सुटणारं ओव्होम्युसिन रेझिनवर बसतं आणि कॉलम तुंबतो.

कॉलमसाठी बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) २० मिलीमोलर फॉस्फेट, पीएच ७.५, त्यात तेच ५० मिलीमोलर मीठ. ट्रिस हे दुसरं नेहमीचं बफर नको: ते स्वतःच धनभारित, शिवाय त्याचा पीएच तापमानाने सरकतो. पुण्यात एप्रिलमध्ये ३५ अंशांना पीएच ८ ला लावलेलं ट्रिस ४ अंशांच्या कोल्ड रूममध्ये ८.९ च्या आसपास जातं. गुरुवारी पाणी बंदची सूचना असेल तर डिस्टिल्ड पाणी बुधवारीच भरून ठेवा.

५ मिली रेझिन १ सेंमी व्यासाच्या कॉलममध्ये एका दमात ओता. थांबत ओतलं की थर पडतात. थंड बफर बाहेरच्या उकाड्यात आणलात तर रेझिनमध्ये बुडबुडे धरतात, म्हणून बफर आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच डीगॅस करा, म्हणजे त्यात विरघळलेली हवा काढा. मिनिटाला १ मिलीने नमुना चढवा, ५० मिली बफरने धुवा, मग त्याच बफरमध्ये मीठ ०.५ मोलर करून लायसोझाइम उतरवा आणि २ मिलीचे फ्रॅक्शन (वेगवेगळ्या नळ्यांत जमवलेले भाग) घ्या.

२८० नॅनोमीटरला १ मिग्रॅ/मिली लायसोझाइम सुमारे २.६ वाचन देतं. मधले फ्रॅक्शन वीसपट पातळ करूनच वाचा, नाहीतर यंत्र छताला टेकतं आणि शिखर चपटं दिसतं. नमुना चढवताना वाहून गेलेलं द्रावण इतक्यात फेकू नका. मायक्रोकोकस या जिवाणूचं गढूळ द्रावण त्याने ४५० नॅनोमीटरला झपाट्याने निवळलं, तर लायसोझाइम निसटलंय. आधी मीठ आणि पीएच तपासा.

शेवटी रेझिन १ मोलर मीठ, ०.५ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड आणि भरपूर पाणी यांनी क्रमाने धुवा, मग २० टक्के इथेनॉलमध्ये ठेवा. रेझिन सुकू देऊ नका.