रूट्स सुपरचार्जर उघडण्याआधी आणि जोडताना: तयारीची यादी

रूट्स सुपरचार्जर म्हणजे दोन पाकळीदार रोटर फिरवून इंजिनात जादा हवा ढकलणारा पंप, आणि त्या हवेचा जादा दाब म्हणजे बूस्ट. यादीतले पहिले काम पान्ह्याचे नाही, गेजचे आहे. बूस्ट पडला की सगळे थेट सुपरचार्जरकडे बोट दाखवतात. पण बूस्ट गेज किती हवा आली ते सांगत नाही. इंजिनापुढे ती हवा किती अडली, तेवढेच दाखवते. इनटेक व्हॉल्व्ह पुरते उघडत नसतील तर गेजवर दाब उलट चढलेला दिसेल आणि गाडी मात्र चढावर दम टाकेल. म्हणून आधी गरम इंजिनावर कम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या. सिलिंडर-सिलिंडरमधला फरक 10 टक्क्यांच्या वर असेल तर सुपरचार्जरला हात लावायची वेळ आलेली नाही. इग्निशन टायमिंग आणि प्लगचा रंगही याच वेळी पाहून ठेवा.

मग मॅनिफोल्डवरचा, म्हणजे सुपरचार्जरमधून सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळीवरचा, रिलीफ व्हॉल्व्ह. बॅकफायर झाला, म्हणजे ज्वाला उलटी मॅनिफोल्डमध्ये आली, की तो उघडून रोटरना वाचवतो. पण त्याच्या बैठकीवर काजळी धरली किंवा स्प्रिंग मऊ पडली की तो चालू गाडीत हळूच उघडा राहतो आणि बूस्ट तिथूनच निसटतो. मॅनिफोल्ड काढून तोंडे पत्र्याने बंद करा, 5 पीएसआय हवा भरा आणि साबणाचे पाणी लावा. बुडबुडे कुठे येतात ते कळेल. पट्ट्यावर चालणारा असेल तर पट्ट्याचा ताण पाहा. ब्लोअर बेंटलीसारखा थेट क्रँकशाफ्टच्या टोकावरून चालणारा असेल तर कपलिंग आणि स्प्लाइनची झीज पाहा.

आता ड्राइव्ह सोडवून शाफ्ट हाताने सावकाश पूर्ण फिरवा. फेरीत एकाच जागी अडत असेल तर रोटर घासतोय किंवा शाफ्ट वाकलाय. सगळीकडे खरखर लागली तर बेअरिंग गेले. मागे-पुढे हलवल्यावर टक्-टक् आले तर दोन्ही रोटर जोडणाऱ्या टायमिंग गिअरमध्ये प्ले (ढिलेपणा) वाढला आहे. यातला तिसरा दोष सर्वांत घातक, कारण दोन्ही रोटर एकमेकांना न शिवता फिरतात ते केवळ या गिअरांच्या भरवशावर. दातांमधला प्ले रोटरच्या पाकळ्यांमधल्या फटीच्या जवळ पोहोचला की धातू धातूला लागणारच.

निळ्या धुराचा अर्थ लावताना घाई नको. कार्बोरेटर सुपरचार्जरच्या आधी बसवला असेल तर थ्रॉटल सोडल्यावर आत निर्वात तयार होतो आणि सीलमागचे तेल आत ओढले जाते. उतारावर पाय काढला की धूर, हे त्याचे लक्षण. गिअरकेसमधले तेल कमी होण्याऐवजी वाढत असेल आणि त्याला पेट्रोलचा वास असेल तर उलटा प्रवास चालू आहे: इंधन सील ओलांडून तेलात उतरतेय, तेल पातळ होतेय आणि बेअरिंग कोरडे पडतेय. पण ब्रीदर (गिअरकेसमधली हवा बाहेर जायची वाट) तुंबला असला तरी तेल सीलमधून असेच बाहेर पडते. तो साफ केल्याशिवाय सीलचा निकाल देऊ नका. मर्सिडीज एसएसकेसारख्या गाड्यांत सुपरचार्जर कार्बोरेटरमध्ये हवा ढकलतो, तिथे हे तर्क लागू पडत नाहीत. फ्लोट चेंबरलाही तेवढाच दाब मिळतोय का, हे आधी पाहावे लागते.

इतके झाल्यावरही दोष आतच आहे असे ठरले तर हत्यारे मांडा. 0.05 मिमीपासूनचे लांब, अरुंद फीलर गेज (फट मोजायच्या पात्या), मायक्रोमीटर, मॅग्नेटिक बेसचा डायल गेज, सरफेस प्लेट, पुलर, मार्किंग ब्लू (कुठे घासले ते दाखवणारा निळा रंग), निरनिराळ्या जाडीचे शिम (पातळ चकत्या) आणि एक वही. हातोडी लागलीच तर नायलॉनची. जुन्या इंग्लिश गाडीची मापे इंचात असतात, तेव्हा थाऊ (इंचाचा हजारावा भाग) आणि मिमी यांची सरमिसळ करू नका. 4 थाऊ म्हणजे साधारण 0.10 मिमी.

खोलण्याआधी पोर्टमधून दिसणाऱ्या फटी मोजा: रोटर ते केसिंग, रोटर ते रोटर, आणि उघडल्यावर दोन्ही टोकांची फट. गिअरच्या जुळणाऱ्या दातांवर पंचाने खूण करा. जुनी गॅस्केट फाडून फेकू नका, आधी तिची जाडी मोजा. एंड प्लेटची गॅस्केट ही नुसती गळती थांबवणारी नसते, रोटरच्या टोकाची फट तीच ठरवते. 0.15 मिमीच्या जागी 0.40 ची बसवली की फट पाव मिलिमीटरने वाढली. सीलंटचा जाड थर दिला तर तेच, शिवाय दाबून निघालेला सीलंट रोटरवर जातो तो वेगळाच.

धुण्यासाठी रॉकेल पुरते. कॉस्टिक सोड्याच्या टाकीत ॲल्युमिनियमचा रोटर बुडवला तर तो खाल्ला जाईल. केसिंग मॅग्नेशियमचे असेल तर ॲसिड दूर ठेवा, आणि त्याच्या किसाला आग लागली तर पाणी मुळीच नको, कोरडी वाळूच लागते. भाग स्वच्छ झाल्यावर डाय पेनिट्रंटने (तड्यांत शिरणाऱ्या रंगाने) तडे शोधा, विशेषतः शाफ्ट आणि रोटर जुळतात तिथे. वेल्डिंग किंवा मशीनिंग केले असेल तर रोटर डायनॅमिक बॅलन्सिंगला द्यावेच लागतात.

बेअरिंग घेताना नुसता आकार सांगून चालत नाही. गरम जागेसाठी सी3 क्लिअरन्सचे (आत नेहमीपेक्षा जास्त मोकळीक असलेले) मागा, केज (आतल्या गोळ्या धरणारी चौकट) स्टीलचा किंवा पितळी असावा. कोणत्या टोकाला शाफ्ट बांधलेला आहे आणि कोणत्या टोकाला तो सरकू शकतो, हे पाहून तशीच जोडी बसवा. दोन्ही टोके जखडली तर गरम रोटर लांबायला जागाच उरत नाही. बसवताना बेअरिंग 110 अंशांपर्यंत तापवा, त्यापुढे नको. शाफ्टवर चढवताना जोर नेहमी आतल्या रेसवर (कड्यावर) द्यायचा.

सील पूर्वी फेल्ट, चामडे किंवा चक्रव्यूह पद्धतीचे असत. आता लिप सील लावायचा तर व्हिटॉन रबराचा लावा, तो पेट्रोलला आणि उष्णतेला टिकतो. 30 मिमीचा शाफ्ट 6000 आरपीएमवर सेकंदाला सुमारे 9.4 मीटर वेगाने घासतो, म्हणजे साध्या नायट्रिल रबराच्या मर्यादेलाच टेकतो. शाफ्टवर जुन्या सीलने चरा पाडला असेल तर नवा सील 2 मिमी आत-बाहेर बसवा किंवा पातळ स्लीव्ह चढवा. चऱ्यावर नवा सील म्हणजे पैसे वाया.

जोडणीचा जीव फटींमध्ये आहे. 250 मिमी लांब ॲल्युमिनियमचा रोटर केसिंगपेक्षा 40 अंशांनी जास्त तापला तर सुमारे 0.23 मिमी लांब होतो. म्हणून बांधलेल्या टोकाला फट कमी आणि सरकत्या टोकाला जास्त ठेवतात. दोन्हीकडे सारखी ठेवायचा मोह टाळा. नेमके आकडे त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्या. ते नसेल तर खोलताना लिहिलेली मापे आणि झीज यांच्यावरून मूळ माप काढावे लागते. मग फेज, म्हणजे दोन्ही रोटरची एकमेकांशी फिरण्याची जुळणी. रोटर दर 45 अंशांवर थांबवून पाकळ्यांच्या दोन्ही बाजूंची फट मोजा, गिअरचा प्ले चालण्याच्या दिशेने एका बाजूला दाबून धरून. एका बाजूला 0.05 आणि दुसऱ्या बाजूला 0.25 आले तर गिअर शाफ्टवर किंचित फिरवून दोन्हीकडे 0.15 च्या आसपास आणा. गिअरचे दात तिरपे असतील तर शिमने गिअर पुढे-मागे सरकवला तरी फेज बदलतो. हे विसरून कोणी नुसता एंड प्ले (शाफ्टचे मागे-पुढे हलणे) सुधारतो आणि जुळवलेला फेज घालवून बसतो. गिअर बदलायचे तर जोडीनेच.

शेवटी पाकळ्यांना मार्किंग ब्लू लावून हाताने वीसेक फेऱ्या द्या. कुठेही घासल्याची खूण दिसता कामा नये. गिअरकेसमध्ये तेल खुणेपर्यंतच भरा. जास्त भरले की ते घुसळून फेसाळते आणि सीलवर दाब येतो. इंजिनाच्या तेलावर चालणारा असेल तर छोटा ऑइल जेट साफ करा, पण मोठा करू नका. मॅनिफोल्डमधला कीस हवेने उडवून टाका. इग्निशन थोडे रिटार्ड (उशिरा) ठेवून, मिश्रणात पेट्रोल किंचित जास्त ठेवून इंजिन सुरू करा आणि बूस्ट न येऊ देता मंद चालवा. केसिंग एका जागी इतर जागांपेक्षा जास्त तापत असेल तर लगेच बंद करून त्या जागेची फट पुन्हा मोजा. थंड झाल्यावर एंड प्लेटचे बोल्ट परत टॉर्कने तपासा आणि तेल बदलून त्यातली धातूची चमचम पाहा.