पेटची व्हिस्कॉसिटी मोजताय? आधी दाणे वाळवा

पेट म्हणजे बाटल्यांचं प्लास्टिक, व्हिस्कॉसिटी म्हणजे वितळलेल्या मालाचा दाटपणा. तो दोन प्लेटांमध्ये माल धरून मोजणाऱ्या ऱ्हिओमीटरचं बटण दाबण्याआधी एकच प्रश्न: दाणे वाळवलेत का? मग बाकीचं बोलू.

गेल्या पावसाळ्यात उघड्या ट्रेमधले पेटचे दाणे मी सरळ प्लेटवर टाकले. व्हिस्कॉसिटी इतकी खाली आली, की ‘रेणुभार कमी, माल हलका’ असा शेरा मारून मोकळा झालो. माल चोख होता. पेटचे रेणू म्हणजे लांब साखळ्या, त्या मीच तोडल्या होत्या, 280 अंशांना, माझ्याच प्लेटवर.

त्या तापमानाला पाण्याचा एक रेणू पेटच्या साखळीतला एक एस्टर बंध (कड्या जोडणारा दुवा) तोडतो, एका साखळीच्या दोन होतात. सरासरी रेणुभार 20,000 धरा. फक्त 0.1 टक्का ओल पूर्ण वापरली गेली, तरी साखळ्यांची संख्या दुपटीहून थोडी जास्तच होते. वितळलेल्या पेटची व्हिस्कॉसिटी रेणुभाराच्या साधारण 3.4 व्या घाताने बदलते, म्हणजे रेणुभार निम्मा झाला की ती दहाव्या हिश्श्यावर येते. म्हणून वाळवा. व्हॅक्यूम ओव्हनमध्ये, 150 अंशांना, रात्रभर. ‘तासभर ठेवलं होतं’ हे वाळवणं नव्हे. बाहेर काढलेत की लगेच झाकण. चहा नंतर.

प्लेटा स्वच्छ हव्यात, हे सांगायला नको. 25 मिलिमीटरच्या घ्या. गॅपचा, म्हणजे दोन प्लेटांमधल्या फटीचा, शून्य चाचणीच्या तापमानालाच लावा. धातू तापून फुगतो आणि 1 मिलिमीटरच्या गॅपमध्ये तेवढा फरकही नडतो. नायट्रोजन कोरडा हवा. कडेला आलेला माल नीट छाटा.

मग घाई नको. आधी प्लेट 1 रेडियन प्रति सेकंदावर पुढे-मागे डोलवत दहा मिनिटं नुसतं बघत बसा. व्हिस्कॉसिटीची रेष घसरतेय? ओल राहिलीय. नमुना फेका, परत वाळवा. हळूहळू चढतेय? कोरड्या नायट्रोजनमध्ये साखळ्या पुन्हा जुळतात, तेही नोंदवा.

रेष स्थिर असेल तरच पुढे. स्ट्रेन (नमुना किती पिळता ते) रेषीय पट्ट्यातला, म्हणजे व्हिस्कॉसिटी त्यावर अवलंबून राहणार नाही इतका लहान ठेवा. फ्रिक्वेन्सी, म्हणजे डोलण्याचा वेग, 100 वरून 0.1 रेडियन प्रति सेकंदापर्यंत उतरवा. 0.01 चा मोह नको, एका फेऱ्यालाच दहा मिनिटं जातात आणि तोवर नमुना बदललेला असतो. खालच्या टोकाला सपाट रेष आली तर ती शून्य-शिअर व्हिस्कॉसिटी (माल जवळजवळ न हलवता असते ती), रेणुभाराचा अंदाज तिच्यावरून. चढतच राहिली तर साखळ्यांना फुटलेल्या लांब फांद्यांचा संशय घ्या, फिलर (मिसळलेली भुकटी) नाही ना तेही बघा.

दुसरा नमुना लावून ताडा. तोही वाळवलेला. प्लेटा गरम असतानाच पितळी पट्टीने खरवडा. उरलेले दाणे डब्यात, झाकण घट्ट.