सिएनातल्या छोट्या हॉटेलात राहायला जाण्याआधी काय काय बघून ठेवायचं

इटलीच्या टस्कनी प्रांतातल्या सिएनाला राहायचं ठरवत असाल तर माळ्यावरून बॅग काढायच्या आधी हॉटेलला एक ईमेल टाका, आणि त्यात विचारा की रस्त्यावरच्या दारापासून आमच्या खोलीपर्यंत एकूण पायऱ्या किती. नुसतं 'लिफ्ट आहे का' विचारलंत तर 'आहे' असं उत्तर येतं आणि ते खरंही असतं, पण जुन्या इमारतीत कधी कधी लिफ्ट पहिल्या मजल्यावरच्या रिसेप्शनपासून सुरू होते, म्हणजे रस्त्यावरून तिथपर्यंतचा जिना आपला आपणच चढायचा. आम्ही सप्टेंबरमध्ये आईला घेऊन गेलो होतो, ती ७२ ची, उजवा गुडघा दुखरा, आणि दारातून आत बघितलं तर समोर सरळसोट दगडी जिना, २४ पायऱ्या, कठडा एकाच बाजूला आणि तोही डावीकडे. ती चढली, दोनदा थांबली, काही बोलली नाही. पण एका ओळीच्या ईमेलने ते टळलं असतं, कारण त्याच हॉटेलची खाली अंगणाकडे उघडणारी एक खोली होती, ती दुसऱ्या दिवशी आम्हाला बदलून मिळाली. म्हणून हे सगळं लिहून ठेवतेय, कोणाच्या तरी आईबाबांना उपयोग होईल.

हॉटेलवाल्यांना यात दोष देता येत नाही. घरंच शेकडो वर्षांची आहेत. १३४८ च्या प्लेगने या गावाचा कणाच मोडला, कॅथेड्रल दुप्पट मोठं करायचं काम चालू होतं ते तिथेच थांबलं, त्याची अर्धवट भिंत आजही उभी आहे आणि लोक तिच्यावर चढून गाव बघतात. पुढे वाढ खुंटली म्हणून तर गाव इतकं जुनं राहिलं, १९९५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं, आणि मग अशा घरात भिंत फोडून मोठी लिफ्ट बसवणं सोपं राहत नाही. असलीच लिफ्ट तर दोन माणसं किंवा एक माणूस आणि एक बॅग एवढीच मावते. मजले मात्र आपल्यासारखेच मोजतात, खालचा तो 'पियानो तेर्रा' आणि त्याच्या वरचा पहिला, त्यामुळे तिसरा मजला म्हणाले तर खरोखर तीन जिने.

त्याच ईमेलमध्ये आणखी तीन गोष्टी विचारून घ्या. एक, पलंग कसा हवा ते, 'मात्रिमोनियाले' म्हणजे डबल बेड आणि 'दोप्पिया' म्हटलं की साधारण दोन वेगळे पलंग, आई आणि मावशी अशा दोघी एका खोलीत असतील तर हे आधी स्पष्ट केलेलं बरं. दोन, रिसेप्शनवर माणूस किती वाजेपर्यंत असतो, कारण छोट्या हॉटेलात रात्री कोणी नसतं, संध्याकाळीच कुलूप लागतं आणि दाराचा कोड मेसेजवर पाठवतात, तेव्हा तुमची गाडी कितीला पोचतेय ते कळवा आणि तो कोड कागदावर लिहून ठेवा, फोनची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते. तीन, खोली रस्त्याकडची की आतल्या बाजूची. अरुंद गल्लीत रात्री बोलणाऱ्यांचा आवाज सरळ वर येतो आणि सकाळी चर्चच्या घंटा, झोप सावध असेल तर कानात घालायचे बोळे न्याच.

व्हिसाचं थोडक्यात. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी आणि कमीत कमी १५ दिवस आधी करता येतो, पण १५ दिवसांवर अजिबात विसंबू नका. इन्शुरन्स किमान ३०,००० यूरोचा लागतो, आणि हॉटेल बुकिंगवरचं नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं हवं. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये येतं, कधी पासपोर्टवर असतं आणि बुकिंगवर नसतं, ते एकदा समोरासमोर ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. पोचल्यावर हॉटेलवाले पासपोर्ट मागतात त्याने घाबरू नका, पाहुण्यांची नावं २४ तासांत पोलिसांच्या ऑनलाइन सिस्टीमवर भरणं त्यांना कायद्याने सक्तीचं आहे. फक्त पाच मिनिटांनी पासपोर्ट परत घेतलात ना ते बघा.

आता गावात पोचायचं कसं, कारण बॅग कुठली न्यायची ते यावरच ठरतं. सिएना डोंगरावर आहे, समुद्रसपाटीपासून साधारण ३२० मीटर, आणि रेल्वे स्टेशन खाली दरीत. ट्रेनने गेलात तर स्टेशनसमोरच्या शॉपिंग सेंटरमधून एकामागून एक सरकते जिने आहेत, ते वर पोर्टा कामोल्लीया या वेशीच्या बाजूला आणून सोडतात, पण तिथून मुख्य चौकापर्यंत अजून वीसेक मिनिटं चालायचं असतं. फ्लॉरेन्सहून बस घेतलीत तर ती वर गावाच्या पातळीवर सोडते, सव्वा तासाच्या आसपास लागतो, माझ्या मते म्हातारी माणसं बरोबर असतील तर बसच बरी, फक्त ही बस वरच्या थांब्यापर्यंत जाते ना ते चढतानाच ड्रायव्हरला विचारा. ट्रेनचं कागदी तिकीट असेल तर प्लॅटफॉर्मजवळच्या मशीनमध्ये शिक्का मारल्याशिवाय बसू नका, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो. आणि भाड्याची गाडी घेणार असाल तर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागतं, शिवाय गावाच्या आत 'झेड टी एल' म्हणजे बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेला भाग आहे, कॅमेरे लावलेले आहेत, नंबर टिपला गेला की दंडाची चिठ्ठी काही महिन्यांनी घरी येते आणि गाडी देणारी कंपनी वर स्वतःचे पैसे लावते ते वेगळेच. सामान उतरवण्यापुरतं आत जाता येईल का हे हॉटेलला गाडीचा नंबर देऊन आधीच विचारा, त्यांनी लेखी हो म्हटल्याशिवाय वेशीच्या आत गाडी घालू नका.

वेशीबद्दल एक सांगायचं राहिलं. पोर्टा कामोल्लीयावर लॅटिनमध्ये कोरलंय की सिएना तुझ्यासाठी या दरवाजापेक्षा मोठं हृदय उघडते. नवऱ्याने तिथे बॅगा खाली ठेवून आईला ते वाचून, अर्थ सांगून दाखवलं, तर ती म्हणाली, "मग चल, आता दमले नाही मी."

तर बॅग. मोठी २८ इंची ट्रॉली नेऊ नका, गाव सगळं चढउताराचं आणि रस्ते दगडी फरशांचे, चाकं खडखडतात आणि उतारावर बॅग आपल्यालाच ओढते. माणशी एक छोटी बॅग, एका हाताने जिन्यावरून उचलता येईल एवढीच, भरून झाली की घरच्या जिन्यावर एकदा उचलून वर नेऊन बघा. चपलांचं तसंच, गुळगुळीत तळव्याच्या सँडल नकोत, पावसात त्या फरशा निसरड्या होतात, रबरी तळव्याचे आणि आधी महिनाभर वापरलेले बूट हवेत. कॅथेड्रलमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, एक ओढणी किंवा स्टोल कायम पर्समध्ये असू दे. स्वेटर सप्टेंबरातही लागतो, दिवसा ऊन आणि रात्री गार वारा. थंडीत जाणार असाल तर हे लक्षात घ्या की इटलीत हीटिंग कधीपासून कधीपर्यंत आणि दिवसाला किती तास चालवायचं याचेच नियम आहेत, सिएनाच्या पट्ट्यात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल, म्हणजे ऑक्टोबरच्या शेवटी गारठा पडला तरी खोली गरम असेलच असं नाही, जास्तीचं ब्लँकेट कपाटात नसेल तर मागून घ्या.

प्लगचं साधं आहे. आपला मोबाईलचा दोन बारीक पिनांचा चार्जर बहुतेक ठिकाणी तसाच बसतो, पण आपल्या तीन जाड पिना तिथे जात नाहीत, त्यांच्याकडे तीन पिना एका ओळीत असतात. म्हणून लॅपटॉपसाठी अ‍ॅडॉप्टर, आणि खोलीत सॉकेट कमी असतात तेव्हा एक छोटा मल्टिप्लग.

बाथरूमबद्दल जरा सविस्तर, कारण आपली खरी अडचण तिथे होते आणि कोणी आधी सांगत नाही. जेट स्प्रे नसतो. पण बिडे असतो, कमोडच्या शेजारी ते दुसरं बुटकं भांडं, नळ असलेलं, इटलीत १९७५ च्या सरकारी आदेशाने घरातल्या बाथरूममध्ये तो सक्तीचा केलेला आहे, त्यामुळे हॉटेलातही बहुतेक असतोच. आईला त्याची सवय होईना तर तिने घरून आणलेला छोटा प्लास्टिकचा मग वापरला, तेव्हा मग न्याच, वजन काही नाही. आंघोळीची जागा म्हणजे कोपऱ्यातली काचेची कपाटाएवढी खोकी, आत वळताना कोपर आपटतं, आणि तिच्या बाहेर मोरी नसते, पाणी सांडलं तर जायला वाटच नाही, ते थेट खोलीत येतं. म्हणून दार नीट लावून, बसून आंघोळ करणाऱ्यांसाठी स्टूल मिळेल का ते आधी विचारून. टॉवेल पातळ सुती असतात, आपला पंचा बरोबर असला की केस पुसायला बरं. आणि शॉवरजवळ छतापासून लोंबणारी एक दोरी असते, टोकाला लाल किंवा पांढरं बोंड, ती दिव्याची नाही, आत कोणी पडलं तर मदत बोलवायची आहे. घरातल्या मोठ्यांना पहिल्याच दिवशी हात धरून दाखवा, चुकून ओढू नये म्हणूनही आणि खरंच पाय घसरला तर ओढावी म्हणूनही.

चहा. खोलीत किटली असेलच असं समजू नका, छोट्या इटालियन हॉटेलात ती सहसा नसतेच, आणि स्वतःची लावायची तर आधी परवानगी घ्या, वायरिंग जुनं असतं. आम्ही थर्मास नेला होता, सकाळी नाश्त्याच्या वेळी 'अक्वा काल्दा' म्हणजे गरम पाणी मागून भरून घ्यायचो, दुपारी खोलीत आईचा आलं घातलेला कोरा चहा व्हायचा. दुधाची पावडर असलेलं चहा प्रीमिक्स मात्र नेऊ नका. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला प्रवाशांना बंदी आहे, म्हणजे पेढे, तूप, पनीर सगळंच गेलं. ताजी फळं, भाजी, कढीपत्तासुद्धा नाही, केळी, नारळ, अननस, खजूर, ड्युरियन एवढीच सूट, त्यामुळे मे महिन्यात तिथल्या नातेवाइकांसाठी हापूसची पेटी हा विचारच सोडा. चिवडा, तेलातल्या दशम्या, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी चालते. चटणी तर हवीच, कारण टस्कनीचा ब्रेड बिनमिठाचा असतो, तो त्यांच्या तिथल्या जेवणाबरोबर छान लागतो पण नुसता आपल्याला मिळमिळीत वाटतो.

हॉटेलच्या नाश्त्यात गोड क्रॉसाँ, टोस्ट, जॅम, चीज आणि हॅमचे काप एवढंच साधारण असतं, इडली-ऑम्लेटची अपेक्षा ठेवू नका. शाकाहारी असाल तर 'सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे' म्हणजे मांस नको, मासे नको, हे कागदावर लिहून दाखवा, आणि सूप कशाच्या पाण्यात शिजवलंय ते विचारा. अंडंही न खाणाऱ्यांना सिएनाची पिची मिळते, नुसतं पीठ आणि पाण्याची, हाताने वळलेल्या जाड शेवयांसारखी, आईने एका खिडकीतून बाई वळताना बघितल्या आणि पाच मिनिटं तिथून हललीच नाही, आजी अशाच पाटावर वळायची म्हणे. ती 'अल्लिओने' म्हणजे टोमॅटो-लसणाच्या रश्श्यात मागवा. चीज घालू नका म्हणायचं असेल तर आधीच सांगा, पार्मेजान आणि बरीचशी पेकोरीनो वासराच्या किंवा कोकराच्या रेनेटने, म्हणजे त्यांच्या पोटातून काढलेल्या विरजणाने, लावलेली असतात. संध्याकाळी साडेसातच्या आधी जेवण मिळत नाही, गोळ्या जेवणावर घ्यायच्या असतील तर सहाला काहीतरी तोंडात टाकायला ठेवा. बिलात 'कोपेर्तो' दिसलं तर ते माणशी टेबलाचे पैसे, फसवणूक नाही.

पाणी विकत घेऊ नका, बाटली न्या. नळाचं पाणी पिण्याचं असतं, फक्त 'नॉन पोताबिले' लिहिलेलं दिसलं तर नाही. पाण्यासाठी या गावाने केवढे कष्ट काढलेत, डोंगरावर नदी नाही म्हणून मध्ययुगात जमिनीखाली बोगदे खणले, 'बोत्तीनी' म्हणतात, २५ किलोमीटरच्या आसपास, त्यांतूनच चौकातल्या फोन्ते गाया कारंजापर्यंत पाणी आणलं.

पैशांचं म्हणाल तर कार्ड सगळीकडे चालतं पण टुरिस्ट टॅक्स, जो खोलीभाड्याव्यतिरिक्त माणशी दर रात्रीला लागतो, तो बऱ्याच छोट्या हॉटेलांत रोख मागतात, तेव्हा किती ते आधी विचारून सुट्टे यूरो बाजूला ठेवा. १४७२ पासून चालू असलेली जगातली सगळ्यात जुनी बँक याच गावातली, तेव्हा बँकांना तोटा नाही, एटीएम बँकेच्या भिंतीतलंच वापरा आणि मशीन रुपयांत बदलून देऊ का विचारेल तेव्हा नाही म्हणा.

तारखा ठरवताना २ जुलै आणि १६ ऑगस्ट बघा. त्या दिवशी पालियो असतो, चौकात माती टाकून घोड्यांची शर्यत, १७ मोहल्ल्यांपैकी दहा धावतात, तीन फेऱ्या. आधीचे तीन-चार दिवसही सराव शर्यती असतात, हॉटेलं कितीतरी आधी भरतात आणि भाव चढतात. ज्यांना बघायचंय त्यांनी जरूर जावं, पण चौकाच्या मधोमध फुकट उभं राहायचं म्हणजे उन्हात तासन्‌तास, बाहेर पडता येत नाही, बाथरूम नाही, आईबाबांना घेऊन नको. आईसाठी तोच चौक रिकामा असताना संध्याकाळी बरा होता. शिंपल्यासारखा उतरता, विटांचे नऊ पट्टे, लोक खाली बसतात तशी तीही बसली, विटेवर तळहात ठेवून म्हणाली अजून ऊन आहे गं यात, आणि साडेआठपर्यंत उठली नाही. खाली बसता येत नसेल तर घडीची छोटी गादी न्या.

निघायच्या आदल्या रात्री टॅक्सी सांगून ठेवा, रस्त्यात हात करून मिळत नाही, आणि नाश्त्याच्या आधी निघणार असाल तर पॅक करून देतात, फक्त तेही आदल्या संध्याकाळीच सांगावं लागतं. किल्ली जड पितळी लोलकाची होती, आईने पर्समध्ये टाकली होती, दारात शेवटचं एकदा पर्स बघितली म्हणून परत केली गेली.