नॅसचं फर्मवेअर उडालं तर आधी डिस्क बाहेर काढा, मग बाकीचं

देवगडला मे महिन्यात दुपारी ढग भरून आले की लाईट जाणार हे सगळ्यांना माहीत असतं, तरी काकांनी नेमकं तेव्हाच नॅसवर, म्हणजे घरच्या नेटवर्कवर सगळ्यांच्या फाईल्स ठेवणाऱ्या डिस्कच्या डब्ब्यावर, आलेलं फर्मवेअरचं (डब्बा चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं) अपडेट चालू केलं. दहा मिनिटांत लाईट गेली. परत आली तेव्हा डब्ब्यावर एकच दिवा लुकलुकत होता, मोबाईलवर फोल्डर दिसेना, ब्राउझरमध्ये पान उघडेना. मला फोन, "सगळा गेला काय रे?" त्या डब्ब्यात सात सीझनचे पेट्यांचे हिशेब, फवारणीच्या नोंदी आणि आजीचे स्कॅन केलेले फोटो, त्यामुळे त्यांचा आवाज कसा होता ते सांगायला नको. जवळच्या एका दुकानदाराने न बघताच डिस्क गेल्या म्हणून सांगितलेलं. काहीही गेलं नव्हतं, सगळं परत मिळालं. कोकणात घरोघरी हे होऊ शकतं म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की बसवा, फर्मवेअर वेगळं आणि तुमचा डेटा वेगळा. नॅस म्हणजे छोटा लिनक्स कॉम्प्युटर. बूटलोडर, म्हणजे चालू केल्यावर सगळ्यात आधी धावणारा छोटा प्रोग्राम, बोर्डवरच्या फ्लॅश चिपमध्ये असतो. बाकीची सिस्टीम काही कंपन्या त्याच फ्लॅशमध्ये ठेवतात, काही डिस्कवरच्या छोट्या वेगळ्या पार्टिशनमध्ये. सिनॉलॉजी कंपनीच्या नॅसमध्ये प्रत्येक डिस्कच्या सुरुवातीला असं सिस्टीमचं पार्टिशन असतं आणि तुमचे फोटो त्याच्या पुढच्या मोठ्या पार्टिशनमध्ये. अपडेट अर्धवट राहिलं तर बिघडतो तो सिस्टीमचा भाग. डेटा खरा जातो तो नंतर, घाबरून कुठेतरी ओके दाबल्यावर.

म्हणून वायर काढा, डिस्क बाहेर काढा, आणि काढतानाच मार्करने त्यावर १, २ असे नंबर टाका, कुठली कुठल्या खणात होती ते. मोबाईलवर फोटोही काढून ठेवा.

आता अडाप्टर बघा. हे सांगितलं की लोकांना पटत नाही, पण फर्मवेअर गेलं म्हणून आलेल्या कितीतरी केसेसमध्ये दोष अडाप्टरचा निघतो. दोन डिस्कवाल्या बहुतेक डब्ब्यांना १२ व्होल्ट लागतात, मीटर लावला तर १२ दाखवतोही, पण डिस्क फिरायला लागल्या की लोडवर व्होल्टेज पडतं आणि डब्बा मध्येच रीस्टार्ट होत राहतो. तेवढ्याच व्होल्टचा, तेवढ्या किंवा जास्त अँपिअरचा, पिनची पोलॅरिटी तीच असलेला दुसरा अडाप्टर लावून बघा. आपल्याकडे खारी हवा आहे, त्यामुळे साटा कनेक्टरवर आणि रॅमच्या पट्टीवर हिरवट थर चढतो, तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसून घ्या.

मग डिस्क न लावता डब्बा चालू करा, लॅन केबल राऊटरला, आणि त्या कंपनीचं शोधायचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर चालवा, म्हणजे सिनॉलॉजी असिस्टंट, क्यूनॅपचं क्यूफाइंडर प्रो, रेडीनॅसचं रेडार वगैरे. सिनॉलॉजीसारखा डब्बा यादीत दिसला, डिस्क नाही म्हणाला, तर बोर्ड आणि फ्लॅश जिवंत आहेत. काकांचा दिसला. तिथेच मी त्यांना फोन करून सांगितलं की आता जेवून घ्या.

दुरुस्तीच्या आधी डेटाची कॉपी. विंडोजला ही डिस्क लावलीत तर ती ओळखता येणार नाही आणि इनिशियलाइज करू का, फॉरमॅट करू का असं विचारेल, दोन्हीला कॅन्सल. काकांनीही एक डिस्क तशी लावली होती आणि बोट बटणापर्यंत गेलं होतं, नशिबाने मी त्याच वेळी फोनवर होतो. त्यापेक्षा पेन ड्राइव्हवर उबंटू लाईव्ह घ्या, त्यातून लॅपटॉप चालू करा, डिस्क साटा ते यूएसबी डॉकने जोडा. एमडीएडीएम आणि एलव्हीएम२ ही नॅसच्या डिस्क वाचायला लागणारी दोन पॅकेजेस टाका, रेड (अनेक डिस्क एकत्र जोडून वापरायची रचना) रीड-ओन्ली असेंबल करा आणि माउंटही रीड-ओन्लीच करा, म्हणजे चुकूनसुद्धा डिस्कवर काही लिहिलं जाणार नाही. रेड १ असेल, म्हणजे दोन डिस्कवर सारखाच डेटा, तर एकाच डिस्कवरून सगळं वाचता येतं आणि दुसरी तशीच कपाटात ठेवायची. रेड ५ असेल तर जास्तीत जास्त एक डिस्क कमी चालते, बाकीच्या सगळ्या जोडाव्या लागतात. एन्क्रिप्शन केलेलं असेल तर की लागणारच. क्यूनॅपच्या नव्या मॉडेलमध्ये स्टोरेज पूलचं एलव्हीएम त्यांनी स्वतःचं बदललेलं आहे, त्यामुळे साध्या लिनक्सवर ते कधीकधी उघडत नाही, म्हणून डेटा गेला असं समजू नका. कॉपी पूर्ण झाली की दोन-चार फोटो उघडून बघा, नुसती फाईलची नावं दिसली म्हणजे झालं असं नाही.

आता दुरुस्ती. घरात जुनी रिकामी डिस्क असेल तर आधी तीच लावा आणि तिच्यावर नवीन इन्स्टॉल करून बघा, ती पुसली जाईल पण डब्बा धड आहे की नाही ते कळेल. हा माझा नियम आहे आणि मी तो मोडत नाही. फर्मवेअरची फाईल कंपनीच्या साईटवरूनच घ्या आणि मॉडेल अक्षर न अक्षर जुळवा, डी-लिंकचं डीएनएस-३२० आणि डीएनएस-३२०एल यांची फर्मवेअर वेगळी आहेत, आणि मागच्या स्टिकरवरची हार्डवेअर रिव्हिजनही बघायची असते. साईटवर चेकसम (फाईल पूर्ण आली का ते तपासायचा आकडा) दिलेला असेल तर विंडोजच्या सर्टयुटिल कमांडने जुळवून घ्या, आपल्याकडचं नेट मध्ये तुटतं आणि अर्धी फाईल पूर्ण दिसते.

सिनॉलॉजीत मूळ डिस्क लावून मागचं रीसेट बटण ४ सेकंद दाबायचं, एक बीप येते, सोडायचं, आणि १० सेकंदांच्या आत परत ४ सेकंद दाबायचं, मग तीन बीप येतात. पहिल्या दाबण्याने फक्त पासवर्ड आणि नेटवर्क सेटिंग जातं, दुसऱ्याने सिस्टीम परत टाकायची तयारी होते. मग असिस्टंटमधून त्याच मॉडेलची पॅट फाईल (सिनॉलॉजीची फर्मवेअरची फाईल) द्यायची, आधी होतं तेच किंवा त्यापुढचं व्हर्जन. डेटाच्या पार्टिशनला हात लागत नाही, पण स्क्रीनवर सगळा डेटा डिलीट होईल असं कुठे आलं तर तिथेच थांबा. रेडीनॅसमध्ये बूट मेनूत ओएस रीइन्स्टॉल असतं आणि त्याच मेनूत फॅक्टरी डिफॉल्टही असतं, ते डेटा पुसतं, तेव्हा मेनूत कुठल्या पर्यायावर आहोत हे दोनदा बघून मगच पुढे जायचं.

बूटलोडर चालतो पण पुढचं काही सापडत नाही असे डब्बे नेटवर्कवरून फाईल मागतात, त्याला टीएफटीपी म्हणतात. बफेलोची जुनी लिंकस्टेशन १९२.१६८.११.१५० हा पत्ता घेतात आणि १९२.१६८.११.१ वर फाईल शोधतात, तेव्हा लॅपटॉपला तोच ११.१ पत्ता द्यायचा, मास्क २५५.२५५.२५५.०, वायफाय बंद, फायरवॉलमध्ये यूडीपी पोर्ट ६९ मोकळा, आणि टीएफटीपीडी६४ या सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि इनिटआरडी (सुरुवातीची छोटी सिस्टीम) यांच्या फाईल्स ठेवायच्या. इथे बरेच जण अडकतात, कारण केबल थेट लॅपटॉपला लावली तर डब्बा बंद-चालू करताना लिंक तुटते, विंडोज परत जागा होईपर्यंत डब्ब्याने विचारून सोडून दिलेलं असतं. मध्ये साधा पाच पोर्टचा स्विच टाका, लिंक टिकते आणि पहिल्याच फटक्यात फाईल जाते. मग डब्बा ईएम म्हणजे इमर्जन्सी मोडमध्ये येतो आणि अपडेटरने पूर्ण फर्मवेअर टाकायचं. दिवा लुकलुकत असताना अर्धा तास हात लावू नका.

एवढ्यानेही काही नाही झालं तर सिरीयल, म्हणजे बोर्डला थेट वायर जोडून त्याचे मेसेज लॅपटॉपवर वाचायचे. बोर्डवर चार पिनांची जागा असते, तिथे ३.३ व्होल्टचा यूएसबी टीटीएल अडाप्टर लावायचा, ग्राउंडला ग्राउंड, टीएक्स आरएक्सला उलटसुलट, व्हीसीसी जोडायची नाही. जुन्या कॉम्प्युटरची आरएस२३२ केबल सरळ लावलीत तर चिप जळेल. हे मेसेज दाखवणाऱ्या पुटी या सॉफ्टवेअरमध्ये स्पीड बहुतेक वेळा ११५२००. बॅड मॅजिक नंबर किंवा बॅड सीआरसी असं दिसलं तर आनंदाची गोष्ट आहे, बूटलोडर जिवंत आहे, कर्नलची इमेज खराब आहे, ती परत टाकता येते. वायरी बरोबर असून एकही अक्षर आलं नाही तर बूटलोडरच गेलेला असू शकतो, मग फ्लॅश चिप प्रोग्रामरने लिहावी लागते. ते करणाऱ्याला सांगा की पुसायच्या आधी चिप दोनदा वाचून दोन्ही फाईल्स जुळवून ठेव, कारण मॅक अॅड्रेससारख्या त्या एका बोर्डच्याच गोष्टी बऱ्याचदा त्यातच असतात.

काकांच्या डब्ब्याला टीएफटीपी, सिरीयल यातलं काहीच लागलं नाही. जुन्या डिस्कवर इन्स्टॉल झालं, मग मूळ डिस्क नंबराप्रमाणे लावून फक्त सिस्टीम परत टाकली, वीस मिनिटांत फोल्डर समोर. युजर आणि शेअरची काही सेटिंग परत करावी लागली, ते चालतं.

अपडेट टाळू नका मात्र, जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट रॅन्समवेअरने (फाईल्स कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने) इंटरनेटला थेट उघडे असलेले क्यूनॅप धरले होते. राऊटरवरचं पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून थेट नॅसपर्यंत येणारी वाट) बंद करा आणि अपडेट सकाळी करा, ढग नसताना. घरातल्या इन्व्हर्टरवर भरवसा नको, काही इन्व्हर्टर लाईट गेल्यावर बदलायला वेळ घेतात आणि तेवढ्यात डब्बा बंद पडतो. छोटा यूपीएस घ्या, ज्याची यूएसबी केबल नॅसला लागते, म्हणजे बॅटरी संपत आली की डब्बा स्वतः नीट बंद होईल. वीज कडाडायला लागली की लाईटच्या वायरीबरोबर लॅन केबलही काढा, झटका त्या वाटेनेही येतो. २०२० च्या जून महिन्यात निसर्ग वादळानंतर दापोली-श्रीवर्धनकडे काही गावांत कित्येक दिवस लाईट नव्हती, अशा वेळी नॅस बंद करून डिस्क कोरड्या डब्यात ठेवलेलीच बरी.

काकांनी आता दोन यूएसबी डिस्क वेगळ्या घेतल्यात. दर महिन्याला इथे असलेल्या एकीवर कॉपी होते, आणि गणपतीला मुंबईहून चुलतभाऊ येतो तो परत जाताना ती घेऊन जातो, आधीची इथे ठेवतो. यंदा पिशवीत डिस्कबरोबर आजीच्या फोटोची एक प्रिंटही होती, काकांनी स्वतः काढून आणलेली.