जुना गालिचा: खरा की मुद्दाम म्हातारा केलेला?

नागपुरात जुना म्हणून गालिचा विकायला आला की त्याच्यासोबत एक गोष्टही येते. सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यातून जाताना इंग्रज साहेबाने दिलेला, नाहीतर कुण्या मालगुजाराच्या वाड्यातला. १९५६ पर्यंत हे राजधानीचं शहर होतं, तेव्हा गोष्ट खोटीच असेल असं नाही. पण ती गालिचा बघून झाल्यावर ऐका.

बघायचा तो सकाळच्या उजेडात, अंगणात किंवा गच्चीवर. सोबत भिंग आणि ओला करायला पांढरा सुती रुमाल न्या.

आधी गालिचा उलटा करा. मागे कापड चिकटवलेलं असेल तर तो टफ्टेड, म्हणजे गाठी न मारता कापडात लोकर खुपसून गोंदाने चिकटवलेला, विषय संपला. हाताने गाठी मारलेल्या गालिच्याची नक्षी मागूनही स्वच्छ दिसते आणि गाठी किंचित वेड्यावाकड्या असतात. टोकाच्या दशा म्हणजे आतल्या उभ्या धाग्यांचीच टोकं. दशा वरून शिवलेल्या दिसल्या तर माल यंत्राचा असेल किंवा नुसती दुरुस्तीही असू शकते, म्हणून धागा बोटाने आतपर्यंत शोधत जा. इथे एवढंच कळतं की गालिचा हाताचा आहे. हाताचा म्हणजे जुना नव्हे. उत्तर प्रदेशातल्या भदोहीत आजही हातानेच, इराणी नक्षीचे गालिचे विणतात.

मग मालकाला विचारून एक तंतू जाळून बघा. लोकर केसासारखी वास मारते आणि राख चुरगळते. ‘आर्ट सिल्क’ (आर्टिफिशियल, म्हणजे कृत्रिम रेशीम) म्हणून विकतात ते व्हिस्कोस कागदासारखं जळतं, पॉलिस्टरचा मणी होतो. वय मात्र यातून कळत नाही.

आणि कृपा करून गाठी मोजत बसू नका. “मोजून घ्या भाऊ, इंचात किती आहेत” असं विक्रेता म्हणतो आणि लोक खरंच गुडघ्यावर बसून मोजतात. गावात किंवा भटक्या टोळ्यांत विणलेले अस्सल जुने गालिचे जाडेभरडे असतात, आणि काश्मीरचा कालपरवाचा रेशमी गालिचा कमालीचा बारीक असतो. गाठींची संख्या मेहनत सांगते, साल सांगत नाही.

खरी गोम रंगात आहे. मलाही सगळ्यात जास्त वेळ इथेच लागला, कारण नवा गालिचा म्हातारा करणारे मुख्यतः रंगावरच काम करतात. क्लोरीनने धुतात, चहाच्या पाण्यात बुडवतात, किंवा आपल्या मे महिन्यात गच्चीवर टाकून देतात. ४५ अंशांचं ऊन फुकट आहे.

दोन्ही अंगठ्यांनी लव, म्हणजे वरचे उभे तंतू, फाकवा आणि मुळाशी बघा. वर्षानुवर्षं वापरात उडालेला रंग टोकाकडून मुळाकडे हळूहळू गडद होत जातो. रसायनाने धुतलेल्यात बहुधा वर राखाडी-तपकिरी आणि लगेच खाली झणझणीत रंग, मध्ये जणू रेघ मारलेली. पण रेघ दिसली की लगेच ‘नकली’ म्हणू नका. पहिला कृत्रिम रंग इंग्रज रसायनशास्त्रज्ञ विल्यम पर्किनने १८५६ मध्ये काढला आणि पुढच्या काही दशकांत असे रंग पूर्वेकडच्या विणकरांपर्यंत पोचले. त्यातले बरेच कच्चे होते. शंभर वर्षांच्या प्रामाणिक गालिच्यातही जांभळा वरून उडालेला आणि मुळाशी भडक सापडतो. मात्र असा रंग दाखवून कुणी ‘अडीचशे वर्षांचा’ म्हणत असेल तर चहा पिऊन घरी या.

रंग कुठे उडालाय, तेही बघा. घरात वापरलेला गालिचा सारखा विटत नाही. खिडकीकडची बाजू फिकट, पलंगाखालची गडद, दारातली झिजलेली. काठापासून काठापर्यंत एकसारखा फिका असेल तर संशय घ्या. ओला रुमाल दशांवर आणि पाठीवर घासा. चहात बुडवलेला असेल तर सगळीकडे एकाच छटेचा पिवळटपणा दिसतो आणि पुष्कळदा रुमालालाही लागतो. खरी धूळ इतकी नेमाने बसत नाही.

माझा सगळ्यात भरवशाचा पुरावा म्हणजे काळा आणि गडद तपकिरी रंग. जुन्या रंगारी पद्धतीत हे रंग पुष्कळदा लोहाच्या क्षारांनी करत, आणि लोह लोकर हळूहळू खातं. त्यामुळे काळ्या रेषा खोलगट होतात आणि शेजारचा निळा उंच राहतो. डोळे मिटून हात फिरवा, नक्षी बोटांना कळते. नक्कल करणारे हे कात्रीने करतात. भिंगाखाली कापलेली टोकं सपाट, एका उंचीची दिसतात, आणि कात्री चुकून निळ्यातही शिरलेली असते.

पाठीवरून तळहात फिरवा: जुन्या गाठी जमिनीला घासून गुळगुळीत झालेल्या असतात, नव्या खरखरीत लागतात.

विणलेलं साल दिसलं तर ते बहुधा हिजरी, म्हणजे इस्लामी कालगणनेचं असतं. त्यातून त्याचे तीन टक्के वजा करा आणि ६२२ मिळवा. १३२६ म्हणजे साधारण १९०८. पण अरबी तीनचा एक दात काढला की दोन होतो, म्हणजे चार-दोन गाठी बदलून १३२६ चं १२२६ करता येतं आणि गालिचा ९७ वर्षांनी म्हातारा होतो. आकड्याजवळच्या गाठी मागून बघा. नवी लोकर वेगळी दिसते.

शेवटी एक कोपरा हलकेच मागे दुमडा. कर्रकन आवाज आला तर आतलं सूत कुजलंय. पावसाळ्यात ओल्या खोलीत गुंडाळून ठेवलेल्या मालाचं हे नेहमीचं. अस्सल असला तरी असा गालिचा पायाखाली टिकत नाही, भिंतीवर लावायचा असेल तरच घ्या, आणि तोही निम्म्या भावात.

एवढं होऊन खरंच शंभर वर्षांपुढचा निघाला, तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार तुम्हाला तो देशाबाहेर पाठवता येत नाही. पुण्याच्या मुलाला खुशाल द्या, अमेरिकेतल्या लेकीच्या बॅगेत घालू नका.