पॉल एर्लिक यांची कागदपत्रे वाचायला जाताना

अमेरिकी जीवशास्त्रज्ञ पॉल एर्लिक यांची कागदपत्रे स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभिलेखागारात आहेत. तिथे जाण्याआधीच ऑनलाइन सूचीतून खोका आणि फोल्डर क्रमांक टिपून घ्या. खोक्यांची मागणी काही दिवस आधी नोंदवा, नाहीतर हात हलवत परत यावं लागेल. आत फक्त पेन्सिल. एका वेळी एकच फोल्डर उघडा, कागदांचा क्रम मोडू नका. फोटोत कडेला क्रमांकाची चिठ्ठी दिसलीच पाहिजे. तीनशे फोटोंनंतर कुठलं पत्र कुठल्या खोक्यातलं, ते आठवत नाही. तारीख नसेल तर पाकिटावरचा टपाल शिक्का पाहा.

बहुतेक जण एर्लिक यांच्या ‘द पॉप्युलेशन बॉम्ब’ या १९६८च्या पुस्तकानंतरच्या लोकसंख्येच्या वादातच अडकतात. आमच्या मते आधी जॅस्पर रिज या स्टॅनफर्डच्या संरक्षित क्षेत्रातल्या फुलपाखरांवरचं त्यांचं काम समजून घ्या: एकाच टेकडीवरचे तीन गट स्वतंत्रपणे वाढतात-घटतात, हे १९६५च्या शोधनिबंधात आहे.