वृद्धाश्रमातील मधुमेही ज्येष्ठांची देखभाल : खानदेशातील सेवकांसाठी

वृद्धाश्रमात राहणाऱ्या मधुमेही व्यक्तीची साखर तरण्याताठ्या माणसाइतकी काटेकोर ठेवण्याचा हट्ट धरू नये, हे सेवकांनी आणि भेटायला येणाऱ्या नातेवाइकांनीही आधी ध्यानात घ्यावे. ऐंशीच्या घरातल्या, हिंडणे-फिरणे थांबलेल्या किंवा विस्मरण जडलेल्या माणसाच्या बाबतीत साखर थोडी चढलेली असण्यापेक्षा ती एकाएकी उतरणे अधिक घातक ठरते, कारण त्यातून तोल जाणे, खुब्याचे हाड मोडणे किंवा शुद्ध हरपणे हे सारे काही मिनिटांत घडू शकते. अशा ज्येष्ठांसाठी दर डेसिलिटर रक्तात साधारण १०० ते २०० मिलिग्रॅमच्या दरम्यानची साखर बहुधा पुरेशी मानली जाते. तरीही प्रत्येकाची मर्यादा डॉक्टरांकडून लिहून घ्यावी आणि ती खाटेजवळच्या वहीच्या पहिल्याच पानावर असावी.

साखर ७० च्या खाली गेली की ती उतरली असे समजून लगेच हालचाल करावी. दरदरून घाम, हातांची थरथर, एकाएकी आलेली चिडचिड, असंबद्ध बोलणे ही तिची लक्षणे होत. मात्र वृद्धांमध्ये ती नेहमी ठळक दिसत नाहीत, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे थरथर व धडधड झाकलीही जाते. त्यामुळे एरवी शांत असणाऱ्या आजी पहाटे नुसते ‘माले कसंतरीच व्हई राह्यनं’ म्हणाल्या, तरी त्याला वयाची कुरकुर न समजता ग्लुकोमीटर हातात घ्यावा. माणूस शुद्धीवर असून नीट गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात विरघळवून पाजावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे, साखर वर आली नसल्यास तेवढेच पुन्हा द्यावे आणि ती सावरल्यावर दूध किंवा अर्धी भाकरी खाऊ घालावी. केळीच्या या मुलखात केळे हाताशी असतेच, पण ते चावून-पचून रक्तात साखर चढेपर्यंत मोलाचा वेळ जातो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. त्याला कुशीवर वळवून १०८ ला फोन करावा.

साखर उतरण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे इन्सुलिन दिले गेले आणि जेवण मात्र झाले नाही. म्हणून सुई टोचण्यापूर्वी स्वयंपाक तयार आहे ना आणि त्या व्यक्तीला आज खावेसे वाटते ना, या दोन्हींची खात्री करावी. जेवण वारंवार ताटात उरत असेल तर डोस आपल्या मनाने न बदलता डॉक्टरांना कळवावे. काहींना जेवणानंतर देता येणारे इन्सुलिन सुचवले जाते. एकादशीचा उपास सोडायला लावणे अवघड असते, तेव्हा वाद घालण्यापेक्षा त्या दिवसाचे औषध कसे द्यायचे हे आदल्या दिवशीच विचारून ठेवावे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पुरणपोळी आणि आमरसही साफ बंद करू नये, असे माझे मत आहे. एक लहान पोळी आणि वाटीभर रस द्यावा आणि त्या जेवणातला भात काढावा.

सिरिंजची चूक जिवावर बेतू शकते. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या ४० आणि १०० (दर मिलिलिटरमधले युनिट) अशा दोन शक्तींच्या मिळतात. ४० ला लाल टोपणाची सिरिंज लागते, १०० ला नारिंगी. १०० च्या बाटलीतले इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने मोजले, तर डोस अडीचपट होतो. दोन्ही प्रकार एकाच खणात ठेवू नयेत.

वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा इन्सुलिन फडताळात टिकणार नाही. न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात कदापि नाही, कारण गोठलेले इन्सुलिन निकामी होते. वीज गेल्यास कोरड्या डबीत बंद केलेली बाटली ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या मातीच्या मडक्यात सावलीत ठेवावी. खानदेशच्या कोरड्या हवेत हा उपाय चांगला चालतो. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावरच लिहावी आणि साधारणतः २८ दिवसांनंतर ती वापरू नये. याच दिवसांत चढलेल्या साखरेमुळे लघवी वाढून अंगातले पाणी झपाट्याने कमी होते, आणि म्हाताऱ्यांना तहान जाणवतेच असे नाही. तेव्हा डॉक्टरांनी पाणी मर्यादित ठेवायला सांगितलेले नसल्यास दर तासाला थोडे पाणी स्वतः पुढे करावे. उलट्या, जुलाब किंवा ताप आल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. इन्सुलिन परस्पर बंद करू नये.

पाय रोज अंघोळीनंतर उजेडात पाहावेत : तळवा, टाच, बोटांच्या बेचक्या. बधिर पायांना उन्हाने तापलेल्या फरशीचा चटका कळत नाही, म्हणून अंगणातही चपलेशिवाय जाऊ देऊ नये, आणि अंघोळीचे पाणी सेवकाने स्वतःच्या कोपराने तपासावे. टाचांना तेल लावावे, बेचक्या मात्र कोरड्या ठेवाव्यात. कुरूप किंवा घट्टा ब्लेडने कापू नये. फोड, चीर किंवा काळसर डाग दिसला, तर तो दुखत नसला तरी त्याच दिवशी दवाखान्यात दाखवावा आणि सोबत साखरेची वही न्यावी.